मेसेज आला नाही म्हणून

मित्रमैत्रिणींनो, आई सुखरूप आहे, हे आधी सांगते.

बिबट्या दिसला की आमचं ॲप त्या गावाला मेसेज पाठवतं. आज दुपारी येडगावच्या यादीतून एक बंद नंबर काढायचा होता. कॉलवर सहकारी इम्रान वैतागला होता, "नेट म्हंजे बेल्ह्याच्या बाजारातला अडेल बैल झालाय राव." हसत मी डिलीटची क्वेरी, म्हणजे यादीतून नोंद पुसायची आज्ञा, चालवली. गावाची अट लिहिली, नंबरची राहिली. यादीतून अख्खं येडगाव पुसलं गेलं.

तेवढ्यात तिथूनच, म्हणजे माझ्याच गावातून, खबर आली, आमच्या उसाजवळ बिबट्या. आई तिथेच गवत कापत होती.

"बॅकअपमधून यादी मी परत टाकतो, तू आईला फोन लाव," इम्रान म्हणाला.

"आई, लगेच घरी ये. बिबट्या आहे."

"मेसेज तर न्हाई आला. म्हणून तर बिनघोर व्हते."

ती घरी पोहोचली. माझी भीती अजून गेलेली नाही. तुमच्या क्वेरीवर विसंबून कोण असं बिनघोर आहे?