हिरादादांचं सागवानी स्टिअरिंग

मी कामावरून परतायचे तेव्हा आमचे घरमालक हिरादादा बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये एका उघड्या, दोन सीटच्या गाडीत बसलेले असायचे. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती गाडी रस्त्यावर न्यायची परवानगीच नव्हती. काय चाललंय विचारलं, की म्हणायचे, "काय नाय. बसलोय जरा."

हिरादादा इथलेच, मूळचे उलवे गावचे. साठी उलटलेली, आवाज कायम दमलेला. कुठल्याही कटकटीवर त्यांचं एकच उत्तर, "बगू. आजचा दिस तर जाऊ दे." सुटे भाग मागवून ती गाडी त्यांनी आणि धाकट्या भावानं, धर्मानं, मिळून जोडायला घेतली होती. धर्मा करंजा बंदराला होड्या बांधायचा. त्यानं गाडीसाठी सागवानी स्टिअरिंग घडवलं आणि गाडी पुरी व्हायच्या आत काविळीनं गेला.

आरटीओच्या तपासणीत गाडी नापास झाली ती त्या स्टिअरिंगमुळेच. मधला नट छातीसमोर उघडा आहे आणि चाक धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कडा धारदार आहेत, असं अधिकाऱ्यानं सांगितलं. हिरादादांनी कडा घासल्या, नटावर रबरी गादी बसवली. दुसऱ्या खेपेला अधिकारी म्हणाला, "काका, मुळात लाकूडच चालणार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मी तळोज्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते; दिवसभर माल नापास करून डोकं आंबलेलं.

"मॅडम, तुमी पन रिजेक्टच करता ना? मंग बगा आनि खरं सांगा."

मी स्टिअरिंगवरून हात फिरवला. जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. खोटं बोलायचं फार मनात आलं.

"दादा, काम सुंदर आहे. पण धडक बसली तर लाकूड फुटेल. त्याची टोकं छातीत जातील."

त्यांनी दोन्ही हात परत स्टिअरिंगवर ठेवले. "धर्मानं आजारात बसून क्येलाय," म्हणाले. मग, "जा तुमी. जेवा."

पुढचे काही महिने गाडी झाकलेलीच राहिली. मग एका रविवारी त्यांनी दार वाजवलं. गाडीला एका साध्या मोटारीचं काळं स्टिअरिंग, धडकेत दबणाऱ्या खालच्या दांड्यासकट, बसवलं होतं. "पास झाली. चला, धर्माच्या घरी जाऊन येऊ." चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं.

करंजाला धर्माची बायको अंगणात आली. तिनं आधी गाडीत डोकावून पाहिलं.

"त्यांनी क्येलेला कुठं हाय?"

"घरी," हिरादादा खाली बघत म्हणाले. "पास व्हत नव्हता."

तिनं काळ्या स्टिअरिंगला हात लावला. "घरीच ऱ्हाऊ दे त्याला. तुमी धड परत आलं पायजे, भावजी."

परतताना उरण रोडवर त्यांनी गाडी कडेला घेतली. "थकलो, मॅडम. थांबू थोडं." शेजारून कंटेनरचे ट्रेलर जात होते, प्रत्येकासरशी आमची हलकी गाडी थरथरायची. हिरादादांनी कपाळ त्या काळ्या चाकावर टेकवलं आणि ते आवाज न करता रडले. त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत मी समोरच्या रस्त्याकडे बघत बसले.