बब्रुवानचा खवा आणि खाडीकाठचे तीन दिवस

फोन आला तेव्हा मी कळंबमध्ये एका लग्नाच्या स्टेजवर माईक धरून उभा होतो. माझा उद्योगच तो. गेली पंचवीस वर्षं मी लग्नांत पाहुण्यांची नावं पुकारतो, हरवलेल्या करवल्या शोधून देतो आणि भटजींना उशीर झाला की मंडपाला हसवत ठेवतो. फोन ईट गावाहून होता, माझा शाळेतला दोस्त बब्रुवान याच्या मुलाचा. “काका, अप्पा गेले. चहा पिले, जरा पडतो म्हणले, अन्...” समोर माणसं हातात अक्षता घेऊन उभी होती. मी फोन खिशात टाकला आणि माईकवर म्हणालो, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” त्यानंतर अख्खं लग्न लावून दिलं. आवाज एकदाही कापरा झाला नाही. ह्याचं मला अजून नवल वाटतं, आणि थोडी लाजही.

त्याला सव्वा महिना होऊन गेला. हल्ली माईक हातात घेतला की हात लगेच भरून येतो. बायको म्हणते, वय झालं. असेल. पण बब्रुवानची ही एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगायला त्यानंच मला नेमलेलं आहे, तेव्हा एवढी सांगतो.

बब्रुवान आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी तोंडाच्या धंद्यात पडलो आणि तो खव्याच्या. आमच्या भूम भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, पण बब्रुवानच्या जिभेची गोष्टच वेगळी. खव्याची चिमूट तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “हे दूध घातलेल्या घरी काल म्हशीला उसाचं वाढं घातलंय.” चौकशी केली तर खरं निघायचं. व्यापारी कढईत बघायचेच नाहीत. त्याच्या तोंडाकडं बघायचे. तो ‘झ्याक’ म्हणाला की माल गाडीत चढायचा.

मग एका वर्षी त्याला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक अन् जीभ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मला एकट्याला सांगितलं, तेही भट्टीमागं सरपणाच्या ढिगाआड नेऊन. “सुभ्या, मला काईच लागंना. तिखट झोंबतंय तेवढं. व्यापाऱ्यायला कळलं तर भट्टी बंद.” एवढं बोलून तो पुढं गेला, चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि ‘झ्याक’ म्हणाला! मी आयुष्यभर स्टेजवर राहिलो, पण असा नट पाहिला नाही.

त्यात एका ट्रक ड्रायव्हरनं त्याच्या डोक्यात किडा सोडला. तो म्हणाला, घाट उतरून गेलं की खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे, तिथलं कालवण खाल्लं की मेलेलं माणूस ओठ चाटतं. बब्रुवाननं त्याचाच नवस केला. “ह्या जिभंला आपल्याकडचं समदं जुनं झालंय. जे जन्मात चाखलं न्हाय ते दिऊन बघू.” घरी सोनारीला काळभैरवाला जातो म्हणून सांगितलं आणि आम्ही एसटी बदलत बदलत थेट समुद्राला निघालो. सोनारी आमच्यापासून किती आणि समुद्र किती, ह्याचा हिशेब घरच्यांनी का केला नाही, देव जाणे.

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथं बघायला काही नाही म्हणून कुणी जात नाही, आणि कुणी जात नाही म्हणून सगळं शिल्लक आहे. किल्ला नाही, मोठं देऊळ नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतींमधून, जाणारी एक वाट, सुरूची झाडं, भरतीला मुळांपर्यंत बुडणारी कांदळवनं आणि ओहोटी लागली की चिखलात पाय रोवून उभे राहणारे बगळे. आम्ही पाण्यासाठी घागरी मोजणारी माणसं. इतकं पाणी बघून बब्रुवाननं पहिलं वाक्य काढलं ते असं : “एवढं हाय, अन् जनावराला पाजता येत न्हाय!”

राहायची सोय एका बाईंच्या घरी होती. सगळं गाव त्यांना माई म्हणायचं, मग आम्हीही. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमच्याकडची रीत. बब्रुवाननं निघायच्या आधी स्वतःच्या हातानं खवा काढला होता. चांगला कोरडा भाजून घेतला होता. आमच्या हवेत असा खवा थंडीत तीन दिवस बिघडत नाही. पण हवा घाटाखाली बदलते, हे दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यानं फडकं सोडलं, डबा माईंच्या हातात दिला आणि छाती काढून म्हणाला, “घ्या माई, आमच्याकडचं सोनं.” माईंनी बोटभर खवा तोंडात टाकला. क्षणभर थांबल्या, गिळला. “गोड आहे हो,” म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. मग त्यानं मोठा गोळा माझ्या तोंडात कोंबला... आंबलेला होता. पार आंबलेला. एरवी असा खवा बब्रुवाननं दहा हातांवरून वासानं ओळखला असता. मी हसायचा प्रयत्न केला. हजार लग्नांत हसलोय, पण तिथं जमलं नाही.

बब्रुवान माझ्या तोंडाकडं बघत होता.

“आंबलाय?”

“न्हाय रं.”

“सुभ्या, खोटं लग्नात बोल. हितं नगं.”

मी मान खाली घातली. त्यानं माईंच्या हातातून डबा काढून घेतला, “चुकलं माई,” म्हणाला, आणि खाडीवर जाऊन सगळा खवा पाण्यात टाकला. मासे उसळून वर आले. तो ते बघून “त्यांला तरी गोड लागतंय,” म्हणाला. 

माईंनी तीन दिवस नुसतं वाढलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, बांगडा, आंबोळी, सोलकढी. “वाईच घ्या हो, लाजताय काय,” म्हणत ताट रिकामं होऊ दिलं नाही. जीभ काही परत आली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बब्रुवान वेगळ्याच तऱ्हेनं जेवायला लागला. आंबोळी बोटांनी दाबून बघायचा, बांगड्याची कड दाताखाली मोडून तिचा आवाज ऐकायचा. सोलकढी पिऊन म्हणाला, “गार हाय. अन् गळ्याखाली गेल्यावर मऊ हाय.” माई म्हणाल्या, “इतकं तर आमच्याकडचंही कुणी सांगत नाही हो.” तेव्हा तो पहिल्यांदा हसला. परतीच्या गाडीत मला म्हणाला, “म्या हाय तवर कुणाला सांगू नगं. माघारी सांग. पण रंगवून सांग, रडत न्हाय.”

घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं की आपल्याला आता कंटाळा आला, इथून पुढं खवा सूनबाई चाखेल. सून म्हणजे रेखा. भट्टीवर बाई चाखणार म्हटल्यावर व्यापारी कुजबुजले. बब्रुवान कढईशेजारी स्टुलावर बसून राहायचा, ती चाखायची आणि व्यापाऱ्यांना ‘झ्याक’ तोच सांगायचा. माल जात राहिला. अशी दोन वर्षं गेली.

मागच्या आठवड्यात मी ईटला गेलो. निदान रेखाला तरी आधी सांगावं, मी हे पेपरात लिहिणार, ते वाचून तिला कळू नये, म्हणून. भट्टी पेटलेली होती. दारात उभा राहूनच मी घसा साफ केला, “रेखा, तुझ्या सासऱ्याचं एक...”

“जीभ गेलती तेच ना, काका?” तिनं उलथणं थांबवलं नाही. “म्या चाखाय लागले त्या पयल्याच दिशी कळलं. खवा तळाला लागलता. मामंजी माझ्याकडं न बघताच ‘झ्याक’ म्हणले. मग माझं तोंड वाकडं झालेलं बघितलं अन् म्हणले, ‘पण जरा करपलाय, व्हय ना?’ तवापसनं म्या चाखलं की आधी त्यांच्याकडं तोंड करायचे. चांगला असला की भुवया वर. बिघडला की नाक मुरडायचं. चांगलं मोठं करून, त्यांना दिसंल असं. ते बघायचे अन् व्यापाऱ्यायला सांगायचे.”

“आणि त्याला माहीत होतं, तुला कळलंय ते?”

“आमी कदी बोललो न्हाय.”

नुसत्या तोंडानं त्याची अब्रू राखणं मला एका गोळ्यापुरतंही जमलं नाही, ते ही बाई दोन वर्षं रोज करत होती. रंगवून सांग म्हणाला होता, पण ह्यात मी काय रंग भरू?

बाहेर व्यापाऱ्याची गाडी लागली. रेखानं चिमूट उचलली, तोंडात टाकली, आणि भुवया वर चढवून तोंड त्या रिकाम्या स्टुलाकडं वळवलं. क्षणभर तशीच थांबली. मग गड्याला म्हणाली, “कढई उतरवा.”