चार इंचांची फेरमोजणी

देवळाली प्रवरेच्या आमच्या शेतात विहिरीजवळ साडेसहा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. तिथे पूर्वी खळं होतं. मुलगी दहावीत असताना मी त्यावर टेनिसचं मैदान केलं. मुरूम पसरून घेतला, रोलर फिरवला, फक्कीच्या रेघा मारल्या. मोजमापाला मात्र कोणाला हात लावू दिला नाही. जमीनमोजणीच्या खात्यात माझी चोवीस वर्षं गेली आहेत. ऑफिसात आता मशीन आलं, तरी शंभर फुटी टेप माझ्या पर्समध्ये असतोच.

आम्ही नवराबायको नोकरीमुळे भिंगारला. मुलगी मैदानासाठी काकाकाकूंकडे राहिली. राहुरीला कॉलेज आणि संध्याकाळी गावातल्या निवृत्त क्रीडाशिक्षकांबरोबर सराव, असं तिचं चाले. माझे दीर मैदानाकडे बघून म्हणत, "वहिनी, दोन ट्रॉल्या ऊस निघला आस्ता हितं."

मी म्हणायचे, "दीड. साडेसहा गुंठ्यांत दोन निघत नाही."

"दीड तर दीड. पोरगी तर तेवढं बी काढंना."

त्यांचं बोलणं लागायचं, कारण मुलगी शेतावर जे चेंडू मारायची ते बाहेरगावी जमत नव्हते. तिचा फटका खोल जायचा, थेट मागच्या रेघेवर. आमच्या मैदानावर फक्कीचा धुरळा उडायचा. बाहेरच्या मैदानावर तोच चेंडू थोडक्यात बाहेर पडायचा. सर म्हणायचे, दडपण घेते. माझा नवरा म्हणायचा, बुजरी आहे. हळूहळू तीही म्हणू लागली, "आई, मला बाहेर भीतीच वाटते बहुतेक." मी तिला धीट हो म्हणून चार वर्षं सांगितलं. ते आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

यंदा पुण्यात महिलांची व्यावसायिक एकेरी स्पर्धा होती. या खेळातली सगळ्यात खालची पायरी, पण व्यावसायिक. तिला पात्रता फेरीत जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी दिरांनी अंगणात बसून स्पष्ट विचारलं, "एक मॅच जिकली तर ठीक. न्हाई जिकली तर मैदान नांगरून उसाची लागण करायची. ठरलं का?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "ठरलं, काका."

सामना सकाळी होता. लाल मातीचं मैदान, समोर तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी मुलगी. मी मागच्या रेघेच्या मागे जाळीला लागून बसले आणि वहीत प्रत्येक चेंडूची खूण करत गेले. चार-सहा, पाच-सात. हरली. दोनदा तिने चेंडूची खूण तपासायला लावली. पंच खुर्चीवरून उतरून आले, वाकून पाहिलं आणि बोट वर केलं. बाहेर. माझ्या टोकाला तिचे नऊ चेंडू रेघेमागे पडले, त्यातले सात चार बोटांच्या आत. पलीकडच्या टोकाचे मला दिसत नव्हते, ते मी धरत नाही.

बाकावर माझ्या शेजारी प्रतिस्पर्धी मुलीचे प्रशिक्षक बसले होते. जाताना सहज म्हणाले, "हात चांगला आहे हो. पण या मुली खेड्यातून येतात, मोठं मैदान बघून गांगरतात."

सात चेंडू आणि चार बोटं डोक्यात बसली होती. गांगरलेल्या माणसाची चूक एवढी सारखी नसते. कुठे फूट, कुठे दोन फूट अशी ती पसरते. सारखी चूक पट्टीची असते.

जेवणाच्या सुट्टीत मैदान रिकामं झालं. पाणी मारणाऱ्या काकांना विचारून मी टेप धरला. लांबी अठ्ठ्याहत्तर फूट, बरोबर. पण कुठून कुठे? एका रेघेच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. रेघ धरून.

आमच्या खात्यात रेघेला जाडी नसते. हद्द म्हणजे हद्द. मी शेतावर अठ्ठ्याहत्तर फूट मोजून खुंट्या ठोकल्या आणि फक्कीचा चार इंची पट्टा खुंट्यांच्या बाहेरून ओढला. आतली जागा कमी पडू नये, हा आमचा सवयीचा विचार. टेनिसमध्ये रेघ मैदानाच्या पोटातली. म्हणजे चार वर्षं माझी मुलगी दोन्ही टोकांना चार चार इंच जास्तीच्या मैदानावर खेळली, आणि ते चार इंच आम्ही तिच्या मनात भीती म्हणून भरले.

ती बॅग आवरत होती. तिला सांगितलं.

"म्हणजे मी घाबरत नव्हते?"

"नाही. मी चुकले होते."

"नक्की?"

"मोजलंय."

ती हसली नाही. म्हणाली, "सगळ्यांना सांग. सरांना, बाबांना, काकांना. तुझ्या तोंडाने."

शनिवारी शेतावर गेलो. सरांना आणि नवऱ्याला मी तोवर फोनवर सांगून टाकलं होतं. मी जुनी फक्की झाडून काढत होते, तेवढ्यात दीर ट्रॅक्टर घेऊन आले. मागे नांगर जोडलेला. त्यांनी विहिरीपाशी इंजिन बंद केलं.

"हारली म्हनं."

"हरली."

"मग वहिनी, सरका बाजूला. शब्द दिला हुता."

"शब्द पट्टीवर दिला होता, भाऊजी. पट्टी चुकीची निघाली. चूक माझी आहे, तिची नाही." आणि मी सगळं सांगितलं, चार इंचांसकट. चोवीस वर्षं मोजणी केलेल्या बाईला हे दिराला सांगणं सोपं नव्हतं.

ते म्हणाले, "लोकांचे बांध मोजता आन् घरचं खळं चुकलं व्हय."

"व्हय. आणि शेजाऱ्याच्या बांधाला तुम्ही हातभर जागेसाठी दोनदा फेरमोजणी मागितली. माझ्या मुलीला एकदा हवी आहे. नांगर चालवायचा असेल तर मी इथेच उभी आहे."

ते खाली उतरले. "टेपाचं ते टोक कुनी धरायचं? येकटीनं धराल तर परत चुकंल."

नव्या रेघा दुपारपर्यंत झाल्या. बाहेरची कड खुंटीला लावून, पट्टा आत. दिरांनी सगळी मापं स्वतः वाचली, दोनदा. ट्रॅक्टर तिथेच उभा होता. तो त्यांनी नेला नव्हता आणि मी न्या म्हटलं नव्हतं.

मुलीने पहिलाच चेंडू खोल मारला. पूर्वीसारखाच, जोरात. मी रेघेवर उभी होते. खूण पाहिली आणि म्हणाले, "बाहेर."

"मोज," ती पलीकडून म्हणाली.

मी वाकून मोजलं. दोन बोटं बाहेर होता. तसं सांगितलं. तिने खिशातून दुसरा चेंडू काढला. फटका जरासुद्धा हळू केला नाही.