अक्का आणि सहावा खेळाडू

अक्कांना उलटी ठेवलेली वस्तू बघवत नसे. दारातली पालथी चप्पल, डब्याचं फिरवून बसवलेलं झाकण, उलट्या बाजूनं घडी घातलेला टॉवेल, काहीही असो. बोलता बोलता हात पुढे जायचा आणि वस्तू सुलटी व्हायची. एकदा दवाखान्यात शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या हातातला केसपेपर त्यांनी न विचारता फिरवून दिला. गृहस्थ चमकून बघायला लागले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "उलटा धरला होता की तुमी."

सोलापूरच्या पूर्व भागात, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. मी मोहोळजवळच्या एका गावची, नोकरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात. अक्का तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या आणि घरात एकट्या. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना अक्काच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. घरची भाषा तेलुगू, माझ्याशी मराठी, भाजीवाल्याशी दख्खनी हिंदी, आणि राग आला की तिन्ही एकदम.

त्यांनी उभी हयात पुठ्ठे ओवण्यात घालवली होती. चादरीवर मोर किंवा फूल उमटतं ते मागावर चढवलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. असे शेकडो पुठ्ठे क्रमानं दोरीत ओवून त्यांची लांबलचक माळ करायची, हे अक्कांचं काम. एक पुठ्ठा उलटा गेला की चादरीवरच्या प्रत्येक मोराची मान मोडलीच म्हणून समजा. पुढे नक्षी संगणकावर आली आणि ते काम संपलं. नजर तेवढी तशीच राहिली.

तिथल्या पहिल्याच वर्षी मला एका खेळाचं वेड लागलं होतं. खेळ इंटरनेटवरचा, पण निम्मा खऱ्या जगात घडणारा. दर शुक्रवारी एक, असे दहा आठवडे एका संकेतस्थळावर तीन मिनिटांचे व्हिडिओ येणार होते. पाच माणसं टेबलाभोवती बसून पत्त्यांचा पोकर नावाचा डाव खेळतायत आणि सहावी खुर्ची रिकामी आहे. सहावा खेळाडू कोण, हे आपण शोधून काढायचं. खुणा कुठंही दडवलेल्या असतील, व्हिडिओत, एखाद्या पोस्टरवर, नाहीतर रस्त्यावरच्या भिंतीवर. खेळ काढणारे कधीच काही सांगत नसत. त्यामुळे आम्ही चाहते दिवसभर ग्रुपवर तर्क लढवायचो. कुणी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहून ठेवायचा, कुणी चहाच्या कपाचा डाग मोजायचा. ग्रुप चालवायचा पुण्याचा अद्वैत. हुशार मुलगा, पण त्याला सगळ्यातच खूण दिसायची.

रविवारी दुपारी मी अक्कांच्या ओट्यावर बसून असाच व्हिडिओ बघत होते. अक्का शेंगा सोलत होत्या.

"पत्ते खेळायलेत व्हय? काय लावतात?"

"काही नाही अक्का. आपण फक्त डोकं लावायचं."

"मग बस हितं. मलाबी दाखव."

चौथ्या व्हिडिओत टेबलावर चादर अंथरलेली निघाली, आणि ती बघताच अक्का म्हणाल्या, "ही आपल्याकडची." मी तसं ग्रुपवर कळवलं आणि ग्रुप पेटला. सोलापूर! मग कुणालातरी दिसलं की चादरीवरच्या एका फुलाची एक पाकळी गायब आहे. पाच पाकळ्या म्हणजे पाच खेळाडू, नसलेली पाकळी म्हणजे सहावा. दोन दिवस तेवढंच चाललं होतं. मी मोठ्या उत्साहानं अक्कांना तो फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, आजूबाजूची फुलं एक एक करून तपासली आणि फोन परत दिला.

"दोरा तुटलाय."

"म्हणजे?"

"एकाच फुलात चूक असली तर दोरा तुटलाय. कुणाचा काय हेतू न्हाय त्यात. सगळ्या फुलात तीच चूक असली तर ती पुठ्ठ्यात हाय. मग कुणीतरी केलीय. ती शोधायची."

मी हे ग्रुपवर लिहिलं. अद्वैतनं हसरा चेहरा पाठवला आणि चर्चा पुढे गेली.

त्यानंतर जे झालं ते माझ्यामुळे झालं. सातव्या व्हिडिओच्या शेवटी एक ओळ आली, "सहावा एकटाच डाव मांडतो." मला लगेच तलावाकाठच्या बागेतले आजोबा आठवले. दर रविवारी चार वाजता ते कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर पत्ते मांडून एकटेच खेळत बसलेले असत. मी येता-जाता त्यांना बघायची. त्या रविवारी मी लांबून त्यांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात दीडशे मेसेज आले. इतकी महत्त्वाची मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

पुढच्या रविवारी आठ जण सोलापुरात आले. अद्वैतही होता. मी त्यांना घेऊन बागेत गेले. सुरुवातीला सगळे लांब उभे राहिले, मग एकानं जवळ जाऊन व्हिडिओतलं एक वाक्य आजोबांना ऐकवलं. आजोबा गोंधळून म्हणाले, "मला ऐकायला जरा कमी येतं." ते ऐकून आमच्यातल्या दोघांना खात्रीच पटली की हे नाटक आहे. फोन बाहेर आले. कुणी पत्ते उचलून मागची बाजू तपासू लागलं, कुणी पिशवीत डोकावलं. आजोबा उठले. हातात येतील तेवढे पत्ते त्यांनी खिशात कोंबले आणि चालू लागले. दोघं त्यांच्या मागे त्यांच्या गल्लीपर्यंत गेले. मी बाकावर उरलेले पत्ते गोळा करत राहिले. थांबा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

आठवडाभर ऑफिसातून येताना मी बागेवरून येत होते. रोज कुणी नसलं तरी रविवारी ते येतील असं वाटत होतं. रविवारी बाक रिकामा होता. घरी येऊन मी अक्कांना सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं काय चुकलं होतं गं?"

विचारता विचारताच त्यांनी पायात चपला घातल्या.

"ऊठ. पत्ते घे त्याचे."

आजोबांची गल्ली शोधायला वेळ लागला नाही. दार अर्धंच उघडलं. मला बघून ते मागे सरले. अक्का पुढे झाल्या. "ही पोरगी माझ्याकडं ऱ्हाती. हिनं तुमचा फोटो लोकांना दाखवला. चुकलं तिचं. ती सांगायला आलीय." मग मी सांगितलं. खेळ, फोटो, सगळं. आजोबांनी कानामागे हात धरून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी वाईट तक्रार केलीय माझ्यावर. आठ दिवस विचार करतोय, मी कुणाचं काय केलं."

मग त्यांनी चहा टाकला. त्यांचा चौघांचा कट्टा होता, असं त्यांनी सांगितलं. एक मुलाकडे परगावी गेला, एकाला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, एक वारला. म्हणून एकट्याचा डाव. बोलणं चालू असताना अक्का आजोबांनी त्या दिवशी खिशात घालून आणलेले आणि माझ्याकडचे पत्ते एकत्र करून लावत होत्या, आणि प्रत्येक पत्ता सुलटा करून ठेवत होत्या.

"अक्का, पत्त्याला कसलं आलंय उलटं-सुलटं?" मी विचारलं.

त्यांनी बदामाची सत्ती माझ्यापुढे धरली. "ह्यो मधला एकटा बदाम बघ. ह्यो वरल्या अंगाला पायजे. खाली आला की पत्ता उलटा." मग जोड मोजून म्हणाल्या, "एक्कावन. एक कुणीतरी नेलाय."

घरी आल्यावर त्यांनी माझ्या फोनवरून ग्रुपला आवाजी निरोप पाठवला. पहिल्यांदाच पाठवत होत्या, म्हणून जरा मोठ्यानं बोलल्या. "मी सोलापुरातून बोलते. त्यो माणूस पत्ते खेळत बसला होता. दुसरं काय न्हाय. तुमी लई शिकलेली पोरं हाय. एक पत्ता कमी हाय त्याचा. ज्यानं नेला त्यानं आणून द्यावा."

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं अद्वैत आला. एकटाच. इस्पिकची राणी वहीत घालून आणली होती. अक्कांच्या दारात उभा राहून म्हणाला, "मीच नेली होती. मला वाटलं, तिच्यावर काहीतरी लिहिलेलं असेल."

"होतं काय?"

"नाही."

"जेवलास का?"

चार वाजता आम्ही तिघं बागेत गेलो. आजोबा आले होते. अद्वैतनं पत्ता त्यांच्या हातात दिला आणि वाकून पायाला हात लावला. आजोबांनी राणी जोडात सरकवली आणि पत्ते पिसायला घेतले. "रमी येते का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून त्या बाकावर एकट्याचा डाव मांडला गेला नाही.

दुसऱ्या डावात हातातला एक उलटा पत्ता फिरवता फिरवता अक्का अचानक थांबल्या आणि पत्ते पालथे ठेवून म्हणाल्या, "पोरी, ती तुझी फोनातली माणसं दाखव गं. सगळी." तोवर दहाही व्हिडिओ येऊन गेले होते. प्रत्येक व्हिडिओत टेबलाच्या मधोमध पाच पत्ते उघडे, ओळीनं मांडलेले असायचे. अक्कांनी पहिल्यात एकावर बोट ठेवलं. छक्की, उलटी. बाकीचे चार सुलटे. दुसऱ्यात पुन्हा नेमका एक उलटा. तिसऱ्यातही. अद्वैतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दहा व्हिडिओत दहा उलटे पत्ते निघाले.

"हे पुठ्ठ्यात हाय," अक्का म्हणाल्या. "हे केलंय कुणीतरी."

दहा पत्त्यांचे दहा आकडे. अद्वैतनं ते ओळीनं लिहिले आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "फोन नंबर!" त्यानं नंबर लावून फोन बाकावर ठेवला. आम्ही चौघं डोकी जोडून ऐकत होतो. दोन वेळा घंटी वाजली आणि एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. अर्थ एवढाच, की तुम्ही आम्हाला शोधलंत, सहावा खेळाडू तुम्हीच, आता खुर्चीवर बसा.

"काय म्हणती?" आजोबांनी विचारलं.

"बसा म्हणती," अक्का म्हणाल्या. "बसलोच हाय की. टाका पत्ता."

अद्वैत हसता हसता रडवेला झाला होता. देशभरातले हजारो लोक जे शोधत होते ते आमच्या बाकावर सापडलं होतं, आणि ते शोधून काढणाऱ्या अक्कांना पुढचा पत्ता हवा होता. ग्रुपवर त्यानं सगळं श्रेय अक्कांच्या नावे लिहिलं आणि खाली एक नियम घातला, की खेळाबाहेरच्या कुठल्याही माणसाचा फोटो इथे टाकायचा नाही. तो नियम अजून आहे. नवे खेळ आले, नवे लोक आले, तरी आहे. ऑफिसात माल परत आला की आता मीही आधी विचारते, एकच नग बिघडलाय की सगळेच? कितीतरी माणसं त्या प्रश्नामुळे विनाकारण बोलणी खाण्यातून वाचली असतील.

दोन वर्षं आमचे रविवार असे गेले. मग अक्कांच्या लेकीनं त्यांना हैदराबादला बोलावून घेतलं. तिथे नातवंडं, बोलायला तेलुगू. अक्का खुशीत होत्या. स्टेशनवर मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडतीस कशाला? मी काय लांब चाललेय? झोपले की सकाळी हैदराबाद." गाडी हलली तरी त्या खिडकीतून शेजारच्या बाईला काहीतरी समजावत होत्या.

त्या रविवारी मी एकटीच बागेत गेले. अक्का हैदराबादला गेल्याचं आजोबांना मी कानाशी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पत्ते पिसले आणि मध्येच थांबले.

"दोन वर्षं खेळलो आम्ही," ते म्हणाले. "मी बाई म्हणायचो, त्या मला मालक म्हणायच्या. नाव काय हो त्यांचं?"

"नरसम्मा," मी म्हणाले.

"नरसम्मा," आजोबा म्हणाले. छान नाव ऐकल्यावर माणूस हसतो तसे हसले आणि त्यांनी माझ्यापुढे पत्ते वाटायला सुरुवात केली.