ब्लॅकस्मिथचा बोर्ड

ऐरणीखाली काळी खपली साचते. सकाळी झाडा, संध्याकाळी परत तेवढीच. किश्शांचंही तसंच. मी फार बोलत नाही, पण हे सांगायलाच हवेत.

भाईंदरला माझं वर्कशॉप. नव्वद सालच्या आसपास बिल्डिंगा उगवत होत्या, ग्रीलला मरणाची मागणी. घण मारायला नामदेव, मूळचा जालन्याचा. आमचा एक नियम. लोखंड लाल नसलं तरी आधी हाताची मागची बाजू जवळ न्यायची, मगच धरायचं. लाल लोखंडाला कोणीही घाबरतं. काळं फसवतं.

एका बिल्डरचा सुपरवायझर आला. "फिनिशिंग बघू," म्हणत सळई उचलली आणि बोंबलत पाण्याच्या ड्रमकडे पळाला. नामदेव शांतपणे म्हणाला, "साहेब, फिनिशिंग पास ना?"

*

माझी मुलगी मंगल तेव्हा अकरावीत. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्याची जागा तिने कोरी सोडली. विचारलं तर म्हणाली, "नंतर भरते."

मी चौथी शिकलोय. पण कोरी जागा मला वाचता येते.

*

त्याच आठवड्यात पेंटरने बोर्ड रंगवला. मी 'लोहारकाम' सांगितलं होतं. याने हौसेने खाली इंग्रजीत 'ब्लॅकस्मिथ' लिहिलं. गिऱ्हाइकाने वाचून दाखवलं. ब्लॅक म्हणजे काळा, एवढं मला येतं! आधीच डोकं तापलेलं. रेड ऑक्साइडचा ब्रश घेतला आणि 'ब्लॅक' बुजवलं.

*

बेव्हर्ली पार्कच्या देशमुखबाई ग्रील सांगायला आल्या. इंग्रजीच्या रिटायर्ड शिक्षिका.

"मालक, अर्धा शब्द कुठे गेला?"

"शिवी होती. पुसली."

बाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. "स्मिथ म्हणजे धातू घडवणारा कारागीर. फार जुना शब्द. आणि काळं तुम्हाला नाही, लोखंडाला म्हटलंय. भट्टीतून निघालं की काळी खपली धरते ना? कथलासारख्या पांढऱ्या धातूवाला तो व्हाइटस्मिथ."

नामदेवने ऐरणीखालची चिमूटभर खपली उचलली. "म्हणजे ह्याचं नाव सायबांनी आपल्याला लावलं?"

"मग! आणि तुम्ही ती झाडून टाकता!"

पेंटरला परत बोलावलं. "चाचा, अब फायनल?"

"फायनल. बडा लिख."

बाईंची ग्रील मी एकट्याने केली. अजून एक जोड सुटलेला नाही. उपकार फेडायची दुसरी रीत मला येत नाही.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंगल वर्कशॉपवर आली. सोबत कॉलेजची मैत्रीण. असं कोणाला आणायची तिची पहिलीच वेळ. मी सांडशीत लोखंड धरलेलं, नामदेवचा घण वर.

मैत्रीण जमिनीवरची सळई उचलायला वाकली. मी ओरडणार, तेवढ्यात मंगलने तिला मागे ओढलं. स्वतःच्या हाताची मागची बाजू सळईजवळ नेली.

"थांब. भाजेल."

"काळी तर आहे! तुला काय माहीत?"

मंगलने बोर्डाकडे बोट केलं. "वाच की. त्यांची मुलगी आहे मी!"

नामदेवचा घण वरच.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मारू का? लोखंड गार झालं!"