विहिरीतली मोलकरीण

क्योतोजवळच्या एका जुन्या गावातल्या भूतघरात मी हॅलोविनपुरती तिकिटं तपासते. तिथे सत्तरीचे एक गृहस्थ मोलकरणीचं भूत व्हायचे. मालकानं विहिरीत ढकललेल्या मोलकरणीची ही गावातली जुनी गोष्ट. लांब केसांचा टोप चढवण्याआधी ते भूतघरातल्या विहिरीच्या काठावर तिच्यासाठी चहा ठेवायचे आणि वाकून तिची परवानगी मागायचे. किंचाळलेल्या प्रत्येकाची नंतर हळूच माफीही मागायचे.

गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी भांडले. "खून मालकानं केला आणि लोकांना भीती तिची? भूत मालकाचं करा ना!"

"मालकाला सगळे रोजच घाबरतात," ते म्हणाले. "त्यासाठी तिकीट कोण काढेल?"

यंदा मॅनेजरनं त्यांच्यासाठी रक्ताळलेले नकली सुळे आणले. "हे लावा, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

त्यांनी सुळे दोन्ही हातांनी घेतले, नीट पाहिले आणि तितक्याच अदबीनं परत केले. "माफ करा. ती कधी कुणाला चावली नव्हती."

मग बसून त्यांनी टोपाच्या केसांतला गुंता सोडवला, टोप खोक्यात ठेवला आणि नव्या माणसासाठी वर चिठ्ठी चिकटवली : 'हिला सांभाळून घ्या.'