पुढच्या डाव्या चाकाचे वॉशर

भूतबाधा, करणी, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तिथून उठतो. तरीही आज इथे लिहायला बसलोय. आधीच सांगतो, यात घाबरण्यासारखं काही नाही... लाज वाटण्यासारखं मात्र भरपूर आहे.

मी बडोद्यात मकरपुऱ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माल तपासायचा आणि खोट दिसली की परत पाठवायचा. राहतो फतेगंजला, चौथ्या मजल्यावर. बिल्डिंगमधल्या गाड्यांची किरकोळ दुरुस्ती मी हौसेने करतो, आणि त्याचा मला माजही होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्या मजल्यावर सुमनताई राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या. जुनी छोटी गाडी अजून स्वतः चालवतात. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"श्रीकांतभाई, ब्रेक दाबला की पाय खालीच जातो हो. लाल दिवापण लागतोय. उद्या सकाळी वाघोडियाहून रेणूला आणायचंय."

रेणू त्यांची मुलगी, वाघोडियाला दिलेली. नववा महिना सरत आलेला, माहेरी यायची होती.

मी बाह्या सरसावल्या. ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती. चारही चाकं आतून पाहिली. तीन कोरडी, पुढचं डावं ओलं. चाक काढलं तर रबरी पाइप ब्रेकला बोल्टने जोडलेला असतो तिथून थेंब येत होते. त्या जोडात पाइपच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक पातळ वॉशर असतो. दाबला गेला की तो ऑइल अडवतो, आणि जोड उघडला की नवाच घालायचा असतो. मी बोल्ट काढला. दोन्ही वॉशरवर खोल चरे पडलेले.

नवे आणायचे कुठून? उत्तरायणला बडोद्याचा बाजार दोन दिवस कडकडीत बंद. सगळं गाव गच्चीवर. माझ्या ओळखीचा स्पेअर पार्टवाला जवळच राहतो, घरी फोन केला असता तर त्याने दुकान उघडून दिलं असतं. पण वरून हाका सुरू झाल्या होत्या, "श्रीकांतभाई, उपर आवो ने! पवन सरस छे!" पतंग कापला की "काप्यो छे" असा नुसता गोंगाट चाललेला.

मी तेच वॉशर पॉलिश पेपरवर घासले, बसवले, बोल्ट आवळला. घरातल्या बाटलीतलं ब्रेक ऑइल भरलं, ताईंना पेडल मारायला सांगून पाइपातली हवा काढली. पेडल कडक झालं. मग मी वाकून पाहिलं. जोडाच्या कडेला एक बारीक ओली रेघ उमटत होती.

मी ती फडक्याने पुसली आणि म्हणालो, "डोळे झाकून जा, ताई!"

माझी स्वतःची गाडी शेजारीच उभी होती. 'उद्या रेणूला मी घेऊन येतो' एवढंच म्हणायचं होतं. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला, सकाळपासून पतंग, दुपारी गच्चीवर उंधियूचं जेवण... कोण सोडणार? दिवसभर मी पतंग उडवले. झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता दात घासताना ती रेघ डोळ्यांपुढे आली. धावत खाली गेलो. गाडी नव्हती. फोन लावला, उचलेनात. माझी गाडी काढली आणि वाघोडिया रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटेत त्यांचाच फोन आला.

"पोचले हो! वाटेत ट्रकवाल्याने एकदम ब्रेक मारला, पण आपली गाडी जागच्या जागी उभी राहिली. एक वीत अंतर राहिलं असेल. बरं झालं बाई, सकाळी तुम्ही परत बघितलंत ते."

"कधी?"

"अहो, सहाला मी खाली आले तेव्हा चाक काढून बसला होतात ना! मी दोनदा हाक मारली, तर नुसतं 'पाच मिनिटं थांबा' म्हणालात. मान काही वर केली नाहीत."

मी त्यांना गाडी हलवू नका म्हणून सांगितलं आणि तिथे गेलो. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे टॉर्च मारला. जोड कोरडा ठणठणीत. मी बसवलेल्या वॉशरच्या कडा काळ्या पडलेल्या होत्या. आता दिसत होत्या त्या कोऱ्या, लालसर, चमकणाऱ्या.

रेणूला मी माझ्या गाडीतून घरी आणलं. घरात पलंगाखालची पान्यांची पेटी ओढली. आत माझे ते दोन जुने वॉशर, पॉलिश पेपरच्या ओरखड्यांसकट. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "साडेपाचला मी उठले तेव्हा घोरत होतास. दाराची कडीसुद्धा आतून होती. आणि तू कधी सहाला उठलायस?"

झोपेत चालत गेलो म्हणावं, तर बंद बाजारात नवे वॉशर आणले कुठून? ताईंना भास झाला म्हणावं, तर वॉशर कुणी बदलले? खूप डोकं चालवलं.

पण मला खुपतं ते हे नाही. त्या दिवशी वाघोडियाला, रेणूच्या सासूबाईंसमोर, सुमनताई हात जोडून म्हणाल्या, "सणाचा दिवस असून पहाटे उठून बसला हो हा माणूस." तेव्हा मी म्हणालो, "असू दे हो ताई, म्हटलं एकदा खात्री करावी."

आठवड्याने रेणूला मुलगी झाली. ताई बर्फीचा डबा घेऊन चार मजले चढून आल्या. देवापुढेही न ठेवता पहिला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

त्या सकाळी तिथे मान खाली घालून कोण बसलं होतं, मला माहीत नाही. ती बर्फी त्याची होती, आणि ती मी खाल्ली.